चौदा खुर्च्या, चार टाक्या

खुर्च्या चौदा होत्या. सात-सातच्या दोन ओळी, दोन खुर्च्यांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नावाची पाटी, हातावर चार्जिंगचं सॉकेट आणि बरोबर डोक्यावर, छताला लोंबणारी, जेवणाच्या ताटाएवढी काळी चकती. चकत्याही चौदाच. समोर एक पडदा. पाण्याच्या बाटल्या अठ्ठावीस. सामोसे मी मोजले नाहीत, कारण खाण्यावर ब्लॉग लिहिणारे प्रभुणेकाका माझ्या आधी पोचले होते आणि तो आकडा स्थिर नव्हता.

आम्ही चौदा जण म्हणजे बोरसांगवीतले ब्लॉगर आणि नागरिक-पत्रकार. नऊ व्हिडिओवाले, पाच लिहिणारे. नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीला अठरा दिवस उरले होते आणि उमेदवार सुलक्षणाताई गरड यांच्या प्रचार-कार्यालयाने आम्हाला खास संवादाला बोलावलं होतं. आधीच्या निवडणुकीत मी पत्रकारांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभी होते. एका कार्यकर्त्याने ‘कुठल्या पेपरच्या?’ असं विचारून मला महिलांच्या रांगेत नेलं होतं आणि हातात झेंडा दिला होता. या वेळी पहिल्या ओळीतल्या पाचव्या खुर्चीवर लिहिलं होतं : हर्षदा ढोबळे, पत्रकार. मी त्या पाटीचा फोटो काढून आईला पाठवला. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या पाटीचा हिस्सा आहे.

माझ्या शेजारी, सहाव्या खुर्चीवर, बशीरचाचा मुलाणी बसले होते. चाचांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. निवृत्तीनंतर त्यांनी ‘डबल घंटी’ नावाचा चॅनेल काढला. त्यात नाच नाही, आरडाओरडा नाही. चाचा वही बघून सांगतात, कोण काय बोललं, किती माणसं होती. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. ‘मोजमाप’ हा माझा ब्लॉग. आमच्या नऊ नंबर वॉर्डात नळाला चौथ्या दिवशी पस्तीस मिनिटं पाणी येतं, हे तीन महिने घड्याळ लावून मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा चाचा स्वतः घरी आले आणि म्हणाले की मोजणी चांगली आहे, पण एकटीची आहे.

त्यांनी मला जी शिस्त लावली तिला ते ‘मेळ’ म्हणत. गाडीत माणसं किती ते आधी मोजायचं, मग तिकिटं किती फाडली ते बघायचं. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ड्रायव्हरला घंटी द्यायची नाही. बातमीचंही तसंच. कार्यक्रम संपला की कुठल्यातरी पायरीवर बसून आम्ही आपापल्या वहीतलं एकमेकांना वाचून दाखवायचो. जुळलं तरच टाकायचं. चार वर्षांत आम्ही असे दोनशे अकरा मेळ केले होते.

त्या दिवशी दुपारी चार वाजता प्रचार-कार्यालयाच्या माध्यमप्रमुख मैथिली खरे यांनी आमचं स्वागत केलं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील, पुण्याहून आलेल्या. त्यांनी सांगितलं की ताई सध्या प्रचाराच्या गाडीत आहेत आणि पडद्यावरून बोलतील. मग वरच्या चकत्यांकडे बोट करून त्यांनी ‘समीप’ या यंत्राची ओळख करून दिली. मला ती इतकी आवडली की मी वहीची दोन पानं भरली.

नेहमीचा स्पीकर कंदिलासारखा असतो, आवाज चहूकडे सांडतो. श्राव्यातीत लहरी, म्हणजे आपल्या कानाच्या कक्षेबाहेरच्या फार उंच पट्टीच्या ध्वनिलहरी, मात्र टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात. अशा झोतावर बोलण्याचा आवाज चढवला की झोत मुका राहतो, पण जाता जाता हवाच त्याच्यातून आवाज सोडवून घेते. झोत ज्याच्या डोक्यावर पडतो त्यालाच तो ऐकू येतो. शेजारच्याला जवळजवळ काही नाही. मैथिलीताई म्हणाल्या की यामुळे प्रत्येकाला ताईंचं उत्तर आपल्या बोलीत, आपल्या वेगाने ऐकता येईल. भाषांतर यंत्र करेल, आवाज ताईंचाच राहील. खुर्चीच्या हातावरचा बारीक कॅमेरा चेहरा बघून ठरवेल, की ऐकणाऱ्याला समजलं की नाही.

यात लपवलेलं काही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रश्न चाचांनी विचारला. नवी पाण्याची टाकी कुठे बांधणार आणि पाणी कधी येणार? पडद्यावर ताईंचे ओठ हलले. ओठ आणि आवाज जुळत नव्हते. आम्ही ते नेटवर्कवर ढकललं. बोरसांगवीत जे जुळत नाही ते नेटवर्कमुळेच असतं. माझ्या डोक्यावरून ताईंचा आवाज आला. तो स्पष्ट होता, समोर बसून बोलल्यासारखा. टाकी नऊ नंबर वॉर्डात, मराठी शाळेच्या मागच्या पडीक जागेत होईल. सोळा महिन्यांत पाणी येईल. ‘तुम्ही तीन महिने घड्याळ लावून मोजलंत, ते मी वाचलंय,’ असंही त्या म्हणाल्या.

मी पाच वाजून दोन मिनिटांनी, खुर्चीवरून उठण्याआधी, बातमी टाकली. शीर्षकात ‘फक्त मोजमापवर’ असं लिहिलं. बाहेर आले तेव्हा चाचा पायरीवर वही उघडून बसले होते.

“चाचा, मी टाकलंसुद्धा,” मी म्हणाले.

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वही मिटून पिशवीत ठेवली. ते म्हणाले, ‘बरं.’ मी घाईत होते. मला जुन्या जिनिंग मिलमधली वटवाघळं मोजायला जायचं होतं आणि त्यांची निघायची वेळ होत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कोंडाबाई वाटीत शिरा घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या की पोरीनं टाकी आणली. शिरा अर्धा संपला तेव्हा मी ‘डबल घंटी’ उघडलं. चाचा नेहमीसारखे वहीतून वाचत होते. टाकी चार नंबर वॉर्डात, जुन्या पाणवठ्याजवळ. चौदा महिन्यांत.

एव्हाना दोन्ही वॉर्डांतले लोक एकमेकांना खोटं पाडत होते. मला विचारणा झाली. मी फोन उचलून चाचांना विचारायला हवं होतं. मी त्याऐवजी ब्लॉगवर एक ओळ लिहिली, सभ्य भाषेत : ‘काही ज्येष्ठ सहकाऱ्यांची ऐकण्यात गफलत झाली असावी.’ दुपारपर्यंत तिच्याखाली एकशे चाळीस प्रतिक्रिया आल्या. ‘भाई, कान धुवून घ्या.’ ‘कंडक्टर, मागं सीट रिकामी हाय, झोपा.’ संध्याकाळी चाचांच्या चॅनेलवर एक पाटी लागली : मेळ बसेपर्यंत गाडी उभी.

नऊ वर्षांत तो चॅनेल पहिल्यांदा थांबला. जेवताना आई एवढंच म्हणाली की माझ्या दहावीच्या वेळी क्लासच्या शेवटच्या गाडीत जागा नसली तरी चाचा मला स्वतःच्या सीटवर बसवून आणत.

आता वटवाघळांबद्दल. जुन्या जिनिंग मिलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे आणि दर आठवड्याला मी त्यांची मोजणी करते. त्यासाठी माझ्याकडे एक ध्वनिमुद्रक आहे. तो सेकंदाला तीन लाख चौऱ्याऐंशी हजार नमुने घेतो, म्हणून साध्या फोनला न पकडता येणाऱ्या उंच पट्ट्याही त्यात उतरतात. श्राव्यातीत आवाज आला की तो आपोआप सुरू होतो. संवादाच्या दिवशी तो माझ्या पिशवीत होता, पिशवी पायाशी होती, आणि मी तो बंद करायला विसरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्रण संगणकावर उतरवलं. वटवाघळांचे आवाज आलेखावर स्वल्पविरामांसारखे दिसतात, तुटक आणि वाकडे. इथे मिलमधल्या मुद्रणाच्या आधी, चार वाजून बारा मिनिटांपासून पुढची पन्नास मिनिटं, चाळीस किलोहर्ट्झवर एक सरळ जाड पट्टा होता. कुठलंही वटवाघूळ पन्नास मिनिटं एका पट्टीत ओरडत नाही. तो माझ्या खुर्चीवरचा झोत होता. त्याच्या वर, बावन्न किलोहर्ट्झवर, दुसरा फिकट पट्टा होता. शेजारच्या खुर्च्यांचे झोत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांना वेगळी पट्टी दिलेली असणार.

झोतावर चढवलेला आवाज परत उतरवणं अवघड नाही. आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाची मुलं रेडिओच्या बाबतीत ते करतात. मी आधी खालचा पट्टा सोडवला आणि ताईंचा आवाज आला : नऊ नंबर, शाळेच्या मागे, सोळा महिने. मग वरचा सोडवला. आवाज फिका होता, पण ताईंचाच, त्याच सेकंदाला सुरू झालेला, आमच्या भागातल्या बोलीतला : चार नंबर, पाणवठ्याजवळ, चौदा महिने. ‘तुमच्या गाडीतनं मी शाळेला जायचे, चाचा,’ असंही त्यात होतं. हे वाक्य चाचांनी बातमीत घेतलं नव्हतं. ते त्यांच्या कौतुकाचं होतं, बातमीचं नव्हतं. मला सांगितलेलं कौतुक मात्र माझ्या बातमीच्या पहिल्या परिच्छेदात होतं.

मी संगणक घेऊन चाचांच्या घरी गेले. माफी कशी मागायची हे रस्ताभर ठरवलं होतं. त्यांनी मला बोलू दिलं नाही, हेडफोन मागितला. दोन्ही आवाज तीन-तीनदा ऐकले.

“दोन्हीकडं ताईच बोलतीया,” ते म्हणाले.

“हो.”

“मग खोटं कोण बोललं?”

मी म्हणाले की बहुतेक यंत्र.

“यंत्राला काय मतं मागायची असत्यात व्हय?” चाचांनी हेडफोन काढून नीट गुंडाळला. “दोघांचा मेळ झाला. बाराजणांचा राहिलाय. बोलाव त्यांना.”

माफीचा विषय तिथेच संपला. मी तो नंतर दोनदा काढला; दोन्ही वेळा त्यांनी चहा पुढे सरकवला.

बाकीच्या बाराजणांना गोळा करणं मुद्रण सोडवण्यापेक्षा अवघड गेलं. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो असं नाही. लग्नकार्यात भेटायचो, एकमेकांच्या चॅनेलला लाइक द्यायचो. पण एकमेकांची बातमी कोणी शेवटपर्यंत बघत नव्हतं. प्रत्येकाने त्या दिवशी ‘फक्त आपल्याकडे’ असं लिहिलं होतं आणि आपलं फक्त आपल्याकडेच आहे हे प्रत्येकाला खरं वाटत होतं. त्यात त्यांचं चुकलंही नव्हतं. शेवटी चाचांच्या ओसरीवर सगळे आले. चाचांनी प्रत्येकाला वहीतली किंवा व्हिडिओतली तेवढीच दोन वाक्यं वाचायला लावली. नऊ नंबर वॉर्ड : तिघे. चार नंबर : चौघे. दोन नंबर : दोघे. अकरा नंबर : चौघे. एकूण तेरा माणसं, टाक्या चार. चौदावे प्रभुणेकाका. त्या प्रश्नाच्या वेळी आपण बाहेर सामोसा खात होतो, असं त्यांनी कबूल केलं. बातमीत मात्र त्यांनी दुसऱ्याचं बघून दोन नंबर वॉर्ड लिहिला होता. ही कबुली त्यांनी न विचारता दिली, म्हणून मी अजून त्यांचे आभार मानते.

तेवढ्यात एकाने सुचवलं की हे उद्याच दणक्यात टाकू. चाचा म्हणाले की आधी प्रचार-कार्यालयाची वही बघू.

म्हणून मी मैथिलीताईंकडे गेले, एकटी, कारण खुर्चीवरची पाटी त्यांनी लिहिली होती आणि मला ती आवडली होती. मला वाटलं होतं की त्या नाकारतील. त्यांनी आलेख बघितला, वरचा पट्टा कुठला हे विचारलं. मग त्यांनी ताईंच्या गाडीतलं मूळ मुद्रण लावलं. ताई म्हणाल्या होत्या : ‘जागा अजून ठरलेली नाही. अभियंते सांगतील तिथं होईल.’ एवढंच, सात सेकंद.

बाकीचं कोणी लिहिलेलं नव्हतं. यंत्राला दोन कामं दिली होती : उत्तर ऐकणाऱ्याच्या बोलीत आणायचं, आणि चेहऱ्यावर समाधान दिसेपर्यंत ते सोपं करत न्यायचं. सात सेकंदांच्या उत्तराने कोणाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. मग यंत्राने प्रत्येकाचं जुनं लिखाण चाळलं, त्याला काय ऐकायला आवडेल त्याचा अंदाज बांधला आणि तपशील भरत गेलं. माझ्या बाबतीत ते चौथ्या वाक्याला थांबलं. माझा चेहरा तिथे समाधानी झाल्याची नोंद होती, आकड्यासकट : शंभरपैकी एक्याण्णव.

मी विचारलं की हे मोठ्या पेपरवाल्यांच्या बैठकीत का लावलं नाही.

“त्यांना आम्ही छापील उत्तर देतो,” मैथिलीताई म्हणाल्या. “ते रोज सकाळी एकमेकांचे पेपर वाचतात, फरक लगेच सापडतो. तुम्ही लोक एकमेकांचं वाचत नाही. आमच्या पाहणीत होतं ते. म्हणून तुम्हाला खुर्च्या.”

त्या हे कडवटपणे बोलल्या नाहीत. त्यांनी मला मूळ मुद्रणाची आणि यंत्राच्या नोंदवहीची प्रत दिली. वरच्यांना विचारावं लागेल का, असं मी म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून मी नंतर सांगेन.’ त्यांची नोकरी राहिली की गेली हे मला पुढे दोन आठवडे कळलं नाही. राहिली. ते दोन आठवडे मी रोज त्यांचा विचार केला.

चौदाही जणांनी एकाच वेळी, एकच मजकूर टाकला. मी माझ्या मजकुराच्या आधी ती सभ्य ओळ मोठ्या अक्षरांत दिली आणि खाली लिहिलं की गफलत माझी होती, ऐकण्यातली नव्हे, मेळ टाळण्यातली. कोंडाबाईंना मात्र तोंडाने सांगायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, दारातली रिकामी घागर पालथी घातली.

“शिरा काय परत मागत न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “पण पाणी कधी आलं, किती आलं, ते लिवत ऱ्हा. तेवढं तरी कुणी लिवतं?”

सोमवारच्या बाजारात सुलक्षणाताई स्वतः आल्या. चकत्या नव्हत्या, खुर्च्याही नव्हत्या. भाजीच्या ओट्यांजवळ त्या साधा माइक घेऊन उभ्या राहिल्या आणि आम्ही चौदाजण लोकांत मिसळून उभे होतो. चाचांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ताई म्हणाल्या, ‘जागा ठरलेली नाही, महिनाही सांगता येणार नाही, आणि मागच्या वेळी माझ्या आवाजात जे सांगितलं गेलं ते मी बोलले नव्हते. यंत्र काय करतं ते न विचारता मी ते लावू दिलं, ती चूक माझी.’ लोक फारसे खूश दिसले नाहीत. पण मागे कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी एक बाई म्हणाली की न्हाई म्हणाली तर म्हणाली, पण सगळ्यांना एकच म्हणाली. त्यानंतर आम्ही ओट्यावर बसून मेळ घेतला. चौदा वह्या, एक उत्तर. ‘डबल घंटी’ त्या संध्याकाळी सुरू झाला.

मला वाटलं की आता झालं. चाचांना तसं वाटलं नाही. मंगळवारी त्यांनी फोन करून विचारलं की तालुक्याच्या रुग्णालयात कान तपासतात का. मी म्हटलं, चाचा, आता कशाला, सगळं सिद्ध झालंय.

“यंत्र खोटं होतं, ते सिद्ध झालं,” चाचा म्हणाले. “माझे कान खरे हायत, ते कुठं सिद्ध झालं? सदुसष्ट वय हाय पोरी. उद्या मी लिवलं आन् तू वेगळं लिवलंस, तर मला ठावं पायजे.”

मी रुग्णालयाची वेळ घेतली. आम्ही एसटीने गेलो. चाचांनी सवयीने गाडीतली माणसं मोजली.

तपासणीची खोली लहान होती. भिंतींना आवाज शोषणारे पांढरे ठोकळे, मध्ये काच. चाचा काचेपलीकडे हेडफोन लावून, पाठ ताठ करून बसले. तपासणारी मुलगी तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द उच्चारायची आणि चाचांनी तो परत म्हणायचा. ‘माठ.’ ‘वीट.’ ‘दोर.’ मोजणी एकटीची नको म्हणून मी तिला विचारून काचेच्या अलीकडे वही घेऊन बसले. तिने तिच्या कागदावर खुणा केल्या, मी माझ्या वहीत. चाचा प्रत्येक शब्दाआधी किंचित थांबायचे आणि मग तो स्पष्ट, पूर्ण म्हणायचे, मागच्या सीटपर्यंत पोचेल असा.

संपल्यावर आम्ही तिघांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडे जुळले.

उजवा कान : पंचवीस शब्दांपैकी पंचवीस. डावा कान : पंचवीसपैकी चोवीस.